लोकाश्रय बांधावा लागतो

एखादे नाट्यगृह बंद पडते, संमेलनाच्या अनुदानाचा आकडा जाहीर होतो किंवा एखादा ज्येष्ठ कलावंत हलाखीत जातो, की आपल्याकडे जुनाच वाद नव्याने पेटतो : कलेला राजाश्रय हवा की लोकाश्रय? या वादात पुष्कळदा अठराव्या शतकातल्या इंग्लंडची साक्ष काढली जाते. एक बाजू म्हणते, तिथे दरबार मागे सरला, गिऱ्हाईक पुढे आले आणि चित्रकला, नाटक, संगीत, कादंबरी सगळेच बहरले. तेव्हा सरकारने हात काढून घ्यावा, चांगले असेल ते टिकेल. दुसरी बाजू म्हणते, तिथली रॉयल अकादमी ही चित्रकारांची संस्था तर राजाच्याच तिजोरीतून उभी राहिली. तेव्हा सरकारने हात सैल सोडावा. दोघांनीही अर्धीच गोष्ट वाचली आहे, असे मला वाटते. त्या काळच्या लंडनमध्ये लोकाश्रय पावसासारखा वरून पडला नाही. वर्गणी, तिकीट, प्रदर्शन आणि कायदा अशा चार खांबांवर तो उभा केला गेला, आणि ते खांब रोवायला कलावंत स्वतः पुढे झाले. ते खांब न रोवता ‘लोकांवर सोडा’ म्हणणे म्हणजे कलावंताला दुकानदाराच्या ताब्यात देणे. आणि अनुदानाचा धनादेश फाडला की काम झाले असे मानणारा तर त्या खांबांकडे बघतच नाही.

आधी राजाश्रयाची सर्वांत झगझगीत गोष्ट घेऊ. १७१९ मध्ये लंडनच्या उमरावांनी इटालियन ऑपेरासाठी एक भागीदारी कंपनी काढली. राजाने वर्षाला १००० पौंड देऊ केले, बड्या घराण्यांनी प्रत्येकी २०० पौंडांचे भाग घेतले. संगीताची धुरा हँडेलसारख्या संगीतकाराकडे होती आणि इटलीहून नामवंत गायिका मोठ्या मानधनावर आणल्या होत्या. १७२८ मध्ये कंपनी आटोपली. पैसा कमी होता असे नाही. गायिकांची मानधने आणि दोन गायिकांच्या पाठीराख्यांची भांडणे यांतच तो जिरला. त्याच वर्षी २९ जानेवारीला जॉन गे याचे ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगभूमीवर आले. रस्त्यावर आणि गुत्त्यांत गायल्या जाणाऱ्या ओळखीच्या चालींवर इंग्रजी शब्द बसवलेले, चोर-दरोडेखोरांच्या तोंडून मंत्र्यांना टोचणारे ते नाटक पहिल्याच हंगामात ६२ वेळा झाले. संगीत नाटकाच्या मुलखातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. चाल ओळखीची आणि शब्द नवा, हा मंत्र आपल्याकडेही चाललेला आहे.

पण या यशामागची यंत्रणा बघितली पाहिजे. गे याला त्या हंगामात सुमारे ७०० पौंड मिळाले, कारण ठराविक प्रयोगांचे निव्वळ उत्पन्न लेखकाला देण्याची रंगभूमीवर पक्की प्रथा होती. पहिले दोन खेळ मालकाचे, तिसरा लेखकाचा, अशी बोलीच असे. पुढे त्याने ‘पॉली’ हा दुसरा भाग लिहिला, तर लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याने प्रयोगालाच बंदी घातली. गे याने नाटक वर्गणी घेऊन छापले आणि छापील प्रतींवर १००० पौंडांहून अधिक मिळवले. रंगमंच बंद झाला तेव्हा वर्गणीदारांची यादी हाताशी होती. ती यादी नसती, तर लोकांचे प्रेम कोणत्या वाटेने त्याच्या खिशात पोचणार होते?

हा प्रश्न सर्वांत नेमका सोडवला चित्रकार विल्यम होगार्थने. तो जन्मला १६९७ मध्ये. बाप कर्जापायी तुरुंगात बसलेला. स्वतः चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरण्याच्या कामावर उमेदवारी केलेला. तैलचित्र एकाच घरात टांगले जाते, हे त्याला ठाऊक होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र हजार घरांत जाते. पत्रा घोटून आरशासारखा गुळगुळीत करायचा, टोकदार पोलादी कोरणीने त्यात रेषा खोदायच्या, खोदताना कडेला उठलेली बारीक कूस खरवडून काढायची. मग पत्रा थोडा तापवून जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटलेली काळी शाई सगळीकडे चोळायची आणि वरची शाई आधी जाळीदार कापडाने, शेवटी तळहाताने पुसून टाकायची. शाई फक्त खोबणीत राहिली पाहिजे. त्यावर ओलसर कागद, त्यावर लोकरी नमद्याचे थर, आणि सगळे दोन जड रुळांमधून काढायचे. कागद खोबणीत शिरून शाई उचलतो. पुसताना हात जड पडला तर रेषा फिकट येते, हलका पडला तर चित्र मळकट. कागद कोरडा असेल तर बारीक रेषा उठतच नाहीत. दर प्रतीला हे सगळे पहिल्यापासून. शिवाय दाबाखाली तांबे झिजते. साधारण दोन-तीन हजार प्रतींनंतर बारीक रेषा बसू लागतात आणि पत्रा पुन्हा कोरून घ्यावा लागतो.

होगार्थने ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ या सहा चित्रांच्या मालिकेसाठी आगाऊ वर्गणी गोळा केली. आपल्या प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत असते, तसलाच प्रकार. संच एक गिनीचा, म्हणजे २१ शिलिंगांचा. अर्धी गिनी आधी, अर्धी संच हाती पडल्यावर. पावती म्हणूनही त्याने एक छोटे चित्र कोरले होते. १७३२ मध्ये संच बाहेर पडला तेव्हा वर्गणीदार हजाराच्या वर गेले होते. पण पाठोपाठ चोरट्या प्रतीही आल्या. छापील चित्र समोर ठेवून पत्र्यावर जसेच्या तसे कोरले, की छापताना ते उलटे येते, म्हणून अनेक चोरट्या प्रती आरशात पाहिल्यासारख्या असतात : उजव्या हातातले डाव्या हातात, दार पलीकडच्या भिंतीला. गिऱ्हाइकाला त्याचे काय? चित्र तेच, किंमत कमी. लोकाश्रय भरभरून होता. फक्त तो होगार्थपर्यंत न पोचता चित्रविक्रेत्यांच्या गल्ल्यात जात होता. ‘लोकांवर सोडा’ म्हणणाऱ्यांनी या जागी क्षणभर थांबावे. गर्दीही होती, मागणीही होती, मालही उत्तम होता. मग कमी काय होते?

कायदा कमी होता. होगार्थ आणि इतर काही चित्रकार-कोरकाम करणारे एकत्र आले, त्यांनी संसदेकडे अर्ज केला आणि १७१० च्या ग्रंथहक्काच्या कायद्याच्या धर्तीवर १७३५ चा कायदा करून घेतला. स्वतः कल्पून कोरलेल्या चित्रावर प्रसिद्धीच्या दिवसापासून १४ वर्षे हक्क. अट अशी की हक्कदाराचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख पत्र्यावर आणि प्रत्येक प्रतीवर कोरलेली असली पाहिजे. चोरट्या प्रतीमागे ५ शिलिंग दंड, आणि पत्रा व कागद जप्त. ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची पुढची मालिका तयार असूनही होगार्थने रोखून धरली आणि २५ जून १७३५ ला कायदा लागू झाल्यावरच विक्रीला काढली. तरीही डल्ला पडलाच. काहींनी त्याच्याकडे मूळ चित्रे बघायला माणसे पाठवली, त्यांच्या आठवणीवरून ओबडधोबड नकला कोरून घेतल्या आणि कायदा लागू होण्याआधीच बाजारात आणल्या. होगार्थने उत्तर दिले ते बाजाराच्याच भाषेत : थॉमस बेकवेल या विक्रेत्याला अधिकृत परवानगी देऊन संपूर्ण संचाची स्वस्त आवृत्ती अडीच शिलिंगांना काढली. कायद्यातही भोके होती. दुसऱ्याच्या चित्रावरून कोरणाऱ्या कारागिराला त्यात संरक्षणच नव्हते. १७६७ मध्ये मुदत २८ वर्षे करून ही उणीव भरून काढावी लागली, आणि होगार्थच्या विधवा पत्नीला त्याच्या चित्रांवर आणखी २० वर्षे हक्क दिला गेला. म्हणजे ही रचना एकदा करून विसरायची नव्हती. तिला डागडुजी लागत होती.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. त्यातले पहिले असे की हा लोकाश्रय सगळ्या लोकांचा नव्हताच. हे खरे आहे. लंडनमधल्या बिगाऱ्याला दिवसाला दीड-दोन शिलिंग मिळत. १७५१ मध्ये ‘जिन लेन’ हे चित्र होगार्थने मुद्दाम स्वस्त म्हणून एक शिलिंगाला विकले, तरी ती निदान अर्ध्या दिवसाची मजुरी झाली. त्याच वर्षी प्राण्यांवरच्या क्रौर्याच्या मालिकेसाठी त्याने लाकडी ठसे करून पाहिले, पण दोनच झाले. ते तांब्याहून महाग पडले आणि बेत सोडावा लागला. गरिबाच्या भिंतीवर चित्र लावायची इच्छा असूनही त्याला ते पुरते साधले नाही. तरी यातून निष्कर्ष काय काढायचा? शिलिंगवाल्यांचे वर्तुळ गिनीवाल्यांपेक्षा कितीतरी मोठे होते. वॉक्सहॉल या लंडनच्या करमणुकीच्या बागेत दरवाजावर एक शिलिंग देऊन शिंप्यालाही ड्यूकच्या शेजारी उभे राहून हँडेलचे संगीत ऐकता येई, आणि जेवणाच्या मांडवांत लावलेली फ्रान्सिस हेमनची चित्रे बघता येत. दार अरुंद होते म्हणून ते भिंत ठरत नाही. प्रश्न दार रुंद करण्याचा आहे, आणि पुन्हा महालात परतून तो सुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : बाजार लहरी असतो, भलेभले त्यात बुडतात. जॉन बॉयडेल हा छापील चित्रांचा व्यापारी लंडनचा महापौर झाला. त्याने शेक्सपियरच्या नाटकांवर मोठमोठ्या चित्रकारांकडून चित्रे काढून घेऊन १७८९ मध्ये खास दालन उघडले. युरोपभर जाणारी निर्यात हा त्याच्या धंद्याचा कणा होता. फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, निर्यात तुटली आणि अखेर सगळा संग्रह सोडतीत काढण्याची पाळी आली. सॅम्युअल जॉन्सनने शब्दकोशासाठी १५०० गिनींचा करार पुस्तकविक्रेत्यांशी केला, आश्रयदात्या उमरावाला फटकारणारे पत्र १७५५ मध्ये लिहिले, आणि पुढच्याच वर्षी सहा पौंडांच्या आतल्या कर्जापायी त्याला अटक झाली. कादंबरीकार रिचर्डसनने पैसे पाठवले म्हणून तो सुटला. १७६२ मध्ये राजाचे वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन त्याने घेतले, तेही स्वतःच्या कोशात त्या शब्दाची बोचरी व्याख्या केलेली असताना. त्याला दोष देण्याचे धाडस माझ्यात नाही. ज्याने इंग्रजीला कोश दिला त्याने म्हातारपणी उपाशी राहावे, असे कोणत्या तत्त्वात बसते? वृद्ध कलावंताला मानधन देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, याबद्दल दुमत नको.

पण आश्रयाची किंमत कुठे मोजावी लागते, तेही बघा. खुद्द होगार्थ १७५७ मध्ये राजाचा सार्जंट पेंटर, म्हणजे दरबारी चित्रकार झाला. १७६२ मध्ये त्याने पंतप्रधान ब्यूटच्या मंत्रिमंडळाची बाजू घेणारे चित्र काढले. जन्मभर सत्तेची आणि फॅशनची टर उडवणारा माणूस मंत्र्यांच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा सरकारविरोधी राजकारणी आणि पत्रकार जॉन विल्क्सने त्याच्यावर छापील तोफ डागली आणि जुनी मैत्री तुटली. होगार्थची मते खरोखरच तशी असतील. तरी लोकांनी ती पगारी मते मानली, आणि ज्याचे सगळे भांडवल लोकांचा विश्वास हेच होते त्याला हा घाव भरून काढता आला नाही. दोन वर्षांत तो गेला. रंगभूमीवर तर राजाश्रय आणि नियंत्रण एकाच हाताने आले. १७३७ च्या परवाना कायद्याने गंभीर नाटकाचा मक्ता राजाची सनद असलेल्या दोन नाट्यगृहांकडे राहिला, आणि प्रत्येक नवे नाटक लॉर्ड चेंबरलेनकडे आधी पाठवणे सक्तीचे झाले. नाटककार हेन्री फील्डिंगने नाटक सोडून कादंबरी धरली. नाटक आधी तपासून घेण्याचा हा नियम थेट १९६८ पर्यंत टिकला. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा ब्रिटिशांनी भारतात आणला तो याच वृत्तीतून, आणि प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याची महाराष्ट्रातली पद्धत त्याच घराण्यातली आहे. तेव्हा नाटकाला अनुदान मागताना त्याच टेबलावर संहितेचा अर्जही ठेवावा लागतो, हे कोणी विसरू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यांत टोचणारा आहे आणि तो मी खोडू शकत नाही. त्या शिलिंगांमागे वसाहतींचा आणि गुलामांच्या व्यापाराचा पैसा होता. हान्स स्लोन या वैद्याच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभे राहिले. त्याच्या घरात पत्नीकडून जमैकातल्या मळ्यांचे उत्पन्न येत होते. हँडेलने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. हे दडपून त्या काळाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र तोच पैसा फ्रान्स आणि पोर्तुगालच्या दरबारांतही ओतला जात होता. वर्गणी, तिकीट आणि कोरलेले नाव ही रीत त्या पैशातून आपोआप निघत नाही, आणि त्या पैशाशिवायही ती चालवता येते.

मग सरकारी पैशाचा चांगला उपयोग कोणता? १७६८ च्या डिसेंबरात तिसऱ्या जॉर्जच्या आश्रयाने रॉयल अकादमी निघाली. पहिल्या बारा वर्षांत तूट भरून काढायला राजाने ५००० पौंडांहून थोडे अधिक दिले. १७८० मध्ये सॉमरसेट हाउसमधल्या नव्या दालनात प्रदर्शन भरले, एका वर्षात सुमारे ३००० पौंड प्रवेशमूल्य जमले, आणि त्यानंतर राजाच्या मदतीची गरज उरली नाही. माझ्या मते हा राजाश्रयाचा उत्तम नमुना : मर्यादित, जागा देणारा, आणि संपणारा. त्या प्रवेशमूल्याची कल्पनाही राजाची नव्हे. १७६० मध्ये चित्रकारांनी स्वतः पहिले सार्वजनिक प्रदर्शन भरवले. प्रवेश फुकट, फक्त चित्रांची छापील यादी विकत. गर्दी आवरेना, तेव्हा पुढच्या वर्षी वेगळ्या झालेल्या गटाने एक शिलिंगाची यादी हाच प्रवेशपरवाना केला. त्याआधी होगार्थने सेंट मार्टिन्स लेनमध्ये १७३५ ला चित्रशाळा काढली, तीही प्रत्येकाची वर्गणी सारखी आणि प्रत्येकाचे मत सारखे, या तत्त्वावर. राजाच्या अकादमीत ही समता टिकली नाही. ज्यांच्या हातांनी इंग्रज चित्रकला घरोघर गेली त्या कोरकाम करणाऱ्यांना तिने पूर्ण सभासदत्व नाकारले, आणि ते दार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उघडले नाही. अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया संस्थापकांत होत्या. त्यांच्यानंतर पूर्ण सभासद म्हणून स्त्री निवडली गेली ती थेट १९३६ मध्ये.

हे सगळे परमुलखातले वाटत असेल, तर त्याच काळातले पुणे बघा. १७९० च्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने काढले. कातडीच्या घड्या, पायांची ठेवण, सगळे समोर बघून टिपलेले. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने त्याच्याकडून वेरूळच्या लेण्यांचीही चित्रे करून घेतली. पुढे स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली, आणि शनिवारवाड्यात चित्रशाळाही सुरू झाली. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरात वेल्स गेला आणि शाळा उठली. गंगारामची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्सची वेरूळची चित्रे मात्र लंडनमध्ये १८०३ मध्ये त्याच्या नावासह छापून विकली गेली. माणूस मेला तरी त्याच्या कामाला वाट होती. पुण्यात तांबे होते, तांबट होते, कोरण्याचे कसबही होते. नाना फडणवीसांनी भगवद्गीता छापण्याचे मनावर घेतले होते आणि त्यासाठी पुण्यातला तांबट कोरकाम शिकला होता, अशी मुद्रणाच्या इतिहासात नोंद आहे. १८०० मध्ये नाना गेले, काम थांबले. अखेर १८०५ मध्ये मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. त्या पत्र्यांमागून दुसरे, तिसरे पुस्तक निघाले नाही. कसब एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेले आणि तिथेच थांबले. वर्गणीदार नव्हते, दुकान नव्हते, कारागिराच्या हक्काचा कायदा नव्हता.

म्हणून आज सरकारकडे मागायचे ते नेमके मागावे. तालुक्याच्या गावी दीड-दोनशे खुर्च्यांचे, परवडणाऱ्या भाड्याचे नाट्यगृह. तिकीटविक्रीचा हिशेब लेखकाला आणि नटाला बघायला मिळेल अशी करारातली अट. सरकारी पैशातून झालेल्या चित्राचा, ध्वनिमुद्रणाचा, अनुवादाचा हक्क कलावंताकडे ठेवणारे कलम. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. पण पहिल्याच करारात ‘सर्व हक्क कायमचे’ लिहून दिले की त्या ६० वर्षांतले त्याच्या घरी काय येणार? होगार्थच्या प्रतीखाली, चित्राच्या चौकटीबाहेर, एक बारीक ओळ असते : कोणी कोरले, कोणत्या तारखेला प्रसिद्ध केले, आणि संसदेच्या कायद्यानुसार केले. तेवढ्या एका ओळीसाठी त्याने तयार मालिका रोखून धरली होती. कराराच्या कागदावर सही करताना आपल्या कलावंताने आधी ती ओळ शोधावी, आणि ती नसेल तर कागद परत करावा.